जुन्या मोटारीची पारख : स्थिती आणि मूल्य

'व्हिंटेज' हा शब्द मुळात मोटारीचा नव्हे. द्राक्षांच्या तोडणीचा वाचक असलेल्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला आणि विशिष्ट सालच्या मद्याला लावला जाऊ लागला. पुढे मोटारींच्या जाणकारांनी तो १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरता रूढ केला. भारतात त्याला निराळा, कायदेशीर अर्थ प्राप्त झाला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली व चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी अथवा चारचाकी ही व्हिंटेज होय. या व्याख्येत वयाची अट काळ आपोआप पुरी करतो. मूळ स्वरूपाची अट मात्र माणसाच्या हातून मोडते. पारख करावयाची ती मुख्यतः या दुसऱ्या अटीची.

विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून परिचित असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथील एका घराची कल्पना करू. मुंबईत नोकरी केलेल्या आजोबांची फियाट ११०० पडवीत अनेक वर्षे झाकून ठेवलेली आहे. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बने. तिच्या जुन्या, गोलसर आवृत्तीस लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि 'डिलाइट' ही आवृत्ती १९६४ साली आली. आता वारसांपुढे प्रश्न आहे : गाडी भंगारात द्यावी, रंगवून विकावी, की आहे तशी राखावी?

प्रथम गाडीची ओळख पटविली पाहिजे. नोंदणीपुस्तकातील चॅसिस व इंजिन यांचे क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत; आकडे घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसल्यास सावध व्हावे. पोथीचा संपादक मूळ संहिता व प्रक्षेप वेगळे करतो, त्याच रीतीने येथे कारखान्यातील भाग आणि मागाहून घातलेले भाग वेगळे नोंदवावयाचे असतात.

त्यानंतर पत्रा पाहावा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक गाड्यांत बॉडी स्वतंत्र चॅसिसवर बसविलेली असे. या फियाटमध्ये तशी स्वतंत्र चॅसिस नाही. बॉडीच भार वाहते. त्यामुळे तिचा गंज हा केवळ रूपाचा दोष राहत नाही, तो ताकदीचा दोष ठरतो. कोकणातील पाऊस व दमट हवा यांचा परिणाम दारांखालील पट्ट्या, चाकांच्या कमानी, पायाखालचा पत्रा व डिकीचा तळ येथे सर्वाधिक होतो. लोहचुंबक फिरवून पाहावा. तो जेथे चिकटत नाही तेथे बहुधा लांबी भरलेली असते. तकतकीत रंग हा पुष्कळदा या लांबीचाच पडदा असतो, म्हणून नव्या रंगावरून गाडीची किंमत ठरवू नये.

इंजिन आल्याआल्या सुरू करण्याचा मोह टाळावा. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टन अडकलेले असू शकतात. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून ते हाताने फिरते काय, हे आधी पाहावे. तथापि बिघडलेले इंजिन पुन्हा बांधता येते. गहाळ झालेले मूळ दिवे, मीटर, दारांच्या मुठी आणि नावाची अक्षरे शोधून मिळविणे पुष्कळदा त्याहून कठीण जाते.

मूल्य चार गोष्टींवर ठरते : अस्सलपणा, पूर्णता, दुर्मिळता आणि कागदपत्रांनी सिद्ध होणारा इतिहास. सुस्थितीतील तशाच गाडीच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा केला असता बाकी पुष्कळदा शून्याखाली जाते. व्हिंटेज म्हणून नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षांची आहे. पुनर्नोंदणी ५ हजार रुपयांत ५ वर्षांसाठी होते. अशी गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालविता येत नाही. सबब केवळ नफ्याच्या आशेने कोणी या वाटेस जाऊ नये.

परंतु बाजारभाव म्हणजे सर्व मूल्य नव्हे. फियाटचीच वंशज असलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. संस्थानिकांची रोल्स-रॉइस जपणारे पुष्कळ भेटतात. सामान्यांची गाडी सर्वत्र दिसते म्हणूनच ती जपावी असे कोणास वाटत नाही, आणि एके दिवशी ती दिसेनाशी होते. पडवीतील त्या फियाटला रंगाचा हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक टिपावेत आणि कागदपत्रे एकत्र करावीत. गाडी विकली किंवा राखली, तरी एवढे काम वाया जात नाही. एकदा पुसलेला पुरावा मात्र पैसे देऊनही परत मिळत नाही.