मानेवरचे चार परार्ध

संध्याकाळचे सात. डोंबिवली पूर्वेतला कुठलाही फिजिओथेरपीचा दवाखाना घ्या. दाराबाहेर चपलांची रांग, आत चार पडदे. एका पडद्याआड कुणाच्या कमरेला टेन्सचं यंत्र लावलंय, दुसऱ्याआड एका आजींच्या गुडघ्यावर शेक चाललाय, आणि तिसऱ्याआड वीस वर्षं मुंबई-डोंबिवली करून मान धरलेले एक गृहस्थ उशीवर कपाळ टेकवून बसलेत. फिजिओ मॅडम त्यांना गडद चष्मा लावतात, स्वतः लावतात आणि जाडसर पेनासारखं एक उपकरण त्यांच्या मानेला टेकवतात. टूं. काही दिसत नाही. काही भाजत नाही. काही टोचत नाही. चाळीस सेकंदांनी पुन्हा टूं, आणि पेन दोन बोटं खाली सरकतं.

"मॅडम, चालू झालं का?" गृहस्थ विचारतात.

झालं? अहो, झालं म्हणजे किती झालं! या चाळीस सेकंदांत त्या मानेवर जे येऊन पडलं, ते मोजायला सबंध कल्याण-डोंबिवली बसवली तरी पुरायची नाही. चला, बसवूनच बघू. पण आधी छोटे आकडे घेऊ, म्हणजे मोठ्यांची उंची कळेल.

हे पेन म्हणजे दुखण्यावर प्रकाश सोडणारं लेझर यंत्र. त्याची ताकद १०० मिलिवॉट. पूर्वी देवघरात पंधरा वॉटचा झिरोचा बल्ब असायचा, त्याचा दीडशेवा भाग. एका जागेवर ४० सेकंद म्हणजे ४ ज्यूल. मान आणि खांदे मिळून आठ जागा धरल्या तर एका खेपेला ३२ ज्यूल. किती ही ऊर्जा? शंभर मिलिलिटरचा एक कटिंग चहा उकळायला सुमारे २९ हजार ज्यूल लागतात. म्हणजे आपले गृहस्थ रविवार नाही, दिवाळी नाही, रोजच्या रोज अडीच वर्षं दवाखान्यात आले आणि मानेत गेलेला सगळा प्रकाश कुणी भांड्यात साठवला, तर एक कटिंग उकळेल. एकच!

पैशांत बोलायचं? विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. युनिटला दहा रुपये धरले, तर एका पैशाला ३,६०० ज्यूल पडतात. एका जागेला लागतात ४. एका पैशात ९०० जागा! हा हिशेब नुसत्या प्रकाशाचा, यंत्रात वाया जाणारी वीज वेगळी. आपण फी देतो ती पेन नेमकं कुठे टेकवायचं हे ठाऊक असलेल्या हाताची, आणि तो हात वर्षानुवर्षं शिकून तयार झालेला असतो.

तर प्रकाश असा, कटिंगलाही न पुरणारा. आता तोच कणाकणाने मोजू.

या पेनातल्या प्रकाशाची तरंगलांबी ८०८ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा १,२३७ लाटा बसतात. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत शंभरेक. प्रकाश सुट्ट्या कणांनी येतो, त्या कणांना फोटॉन म्हणतात, आणि एका कणात किती ऊर्जा हे पदार्थविज्ञानाने पक्कं करून ठेवलंय. त्यावर विसंबू आणि भागाकार करू. एका सेकंदात पेनातून निघणारे कण:

४,००,००,००,००,००,००,००,०००.

चारावर सतरा शून्यं! याला नाव तरी आहे का? आहे, आणि आपल्याच घरातलं आहे. कल्याणहून सुटलेली गाडी कसाऱ्याचा घाट चढून, नाशिक-मनमाड ओलांडून चाळीसगावला जाते. तिथून जवळच पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली आणि तिच्यात दहादहाच्या पटीने वाढणाऱ्या संख्यांची नावं दिली. कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्धावर यादी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं.

सेकंदाला चार परार्ध! यादीच्या शेवटच्या पायरीवर आपलं हे पेन उभं आहे, आणि तिथून चौपट माल ओततं आहे. दर सेकंदाला.

आता बसवा मोजायला. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती. तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या पणजीपर्यंत सगळी धरा. प्रत्येकाने सेकंदाला एक कण मोजायचा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. पेनातून फक्त एका सेकंदात निघालेले कण मोजून संपायला दहा हजार वर्षं लागतील. आज मोजणी संपवायची असेल, तर माणूस शेती करायला शिकत होता तेव्हा पहिला कण मोजायला हवा होता!

तांदूळ घ्या. एका किलोत साधारण ५० हजार दाणे धरू. चार परार्ध दाणे म्हणजे ८०० कोटी टन तांदूळ. सगळ्या भारतात २०२३-२४ मध्ये पिकला पावणेचौदा कोटी टनांच्या घरात. पंजाबपासून बंगालपर्यंत आणि आपल्या भिवंडी-मुरबाडच्या खाचरांपर्यंत सगळ्या देशाने अठ्ठावन्न वर्षं पिकवलेला तांदूळ, तेवढे दाणे, एका सेकंदात, एका पेनाच्या टोकातून.

विहिरी? सहा मीटर रुंद, दहा मीटर खोल पाण्याची एक चांगली भरलेली विहीर घ्या. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर तिच्यात ५६५ कोटी थेंब असतात. बरेच वाटतात ना? चार परार्ध थेंबांना अशा सात कोटी विहिरी लागतील. महाराष्ट्रात गावं आहेत चव्वेचाळीसएक हजार. प्रत्येक गावात दीड हजारांवर विहिरी, सगळ्या काठोकाठ! विहिरींनी भागत नाही, धरणावर जाऊ. बारवी भरली की कल्याण-डोंबिवलीकरांचा जीव भांड्यात पडतो. उंची वाढवल्यानंतर तिच्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातले थेंब मोजले तरी चार परार्धांना बारवी पुरेना. साठ बारवी हव्यात. मिनिटाच्या साठ सेकंदांसारखे सेकंदाचे साठ भाग करा: प्रत्येक भागात एक बारवी काठोकाठ भरते आणि मानेवर रिकामी होते.

इथे कुणी विचारेल, भर दुपारी नखाएवढ्या जागेवर पडणारं ऊनही साधारण १०० मिलिवॉटच असतं ना? असतं. चैत्रातलं ऊन लहान नाहीच मुळी! पण ऊन सगळ्या रंगांत वाटलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं कातडी आणि रक्त वरच्यावर गिळून टाकतं. पेनातले चारही परार्ध एकाच तरंगलांबीचे, आणि ती तरंगलांबी अशी निवडलेली की शरीर तिला त्यातल्या त्यात आत जाऊ देतं.

किती आत? वाटेतच बहुतेक कण विखुरतात, हरवतात. आपण हात आखडून हिशेब करू. समजा लाखातला एकच कण दुखऱ्या स्नायूपर्यंत पोचला आणि ९९,९९९ वाया गेले. तरी सेकंदाला पोचले चार लाख कोटी! महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या घरातला. एका कणाला एक रुपया धरा: दोन सेकंदांत राज्याचा वर्षभराचा सगळा खर्च भागून वर लाख कोटी शिल्लक. माणसाच्या अंगात पेशी असतात सुमारे ३७ लाख कोटी. नऊ-दहा सेकंदांत डोक्यापासून नखापर्यंत प्रत्येक पेशीच्या नावाने एक कण पोचलेला असतो, आणि हे सगळं लाखातला एक धरून!

पोचल्यावर हे कण करतात काय? पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक प्रथिन असतं. ते हा प्रकाश टिपतं, पेशीचं काम जोर धरतं, सूज ओसरते, दुखरी नस शांत होते, अशी शास्त्रज्ञांची मांडणी आहे. तिच्या खोलात आज जात नाही. मला खेचतं ते यातलं वेगाचं गणित.

दुखण्यालाही वेग असतो! सुई टोचल्याची तीक्ष्ण कळ नसेतून सेकंदाला वीसेक मीटरने धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. मागून येणारा ठणका निवांत, सेकंदाला मीटरभर; वारकऱ्याची चाल. मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. दोघांना सीएसएमटीवरून सोडा. तीक्ष्ण कळ दोन तास चाळीस मिनिटांत पुण्यात, डेक्कन क्वीनच्याही अर्धा तास आधी. ठणका चालत चालत दोन दिवस आणि पाच तासांनी. आणि प्रकाश? एका सेकंदात १,५६० खेपा. ठणक्याचं पहिलं पाऊल प्लॅटफॉर्मवर पडेपर्यंत प्रकाश मुंबई-पुणे-मुंबई ७८० वेळा करून आलेला. ३० कोटी पट वेगाचा वैद्य वारकऱ्याच्या चालीने येणाऱ्या दुखण्याला गाठायला निघालाय!

काही यंत्रं सलग प्रकाश सोडत नाहीत, ठिणग्या सोडतात. ९०४ नॅनोमीटरच्या यंत्राची एक ठिणगी साधारण २०० नॅनोसेकंदांची असते. तेवढ्यात प्रकाश ६० मीटर जातो. म्हणजे ठिणगीची लांबी ६० मीटर, लोकलचे तीन डबे! सेकंदाला ५,००० ठिणग्या धरल्या, तर पहिली ठिणगी सीएसएमटीवरून सुटून ठाणे, डोंबिवली, कल्याण ओलांडत अंबरनाथला पोचते तेव्हा मागची सुटते. तीन डब्यांची गाडी, अंबरनाथ फास्ट, सेकंदाला पाच हजार फेऱ्या, आणि सगळ्या एका मानेवर येऊन थांबणाऱ्या. ज्या मार्गावर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, त्याच मार्गावरचे प्रवासी आज हे वेळापत्रक मानेवर घेऊन बसलेत.

लेझरचं हे सगळं वयाने किती लहान! थिओडोर मेमनने पहिला लेझर १६ मे १९६० ला पेटवला. चार-पाच वर्षांतच आपल्या ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेत गॅलियम आर्सेनाइडचा लेझर बनला आणि त्याच्या झोतावरून ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा वीसेक किलोमीटरचा संदेश गेला. वीसेक किलोमीटर, म्हणजे ठाणे ते कल्याण! ९०४ नॅनोमीटरच्या पेनात हाच गॅलियम आर्सेनाइड असतो. मग १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर लेझर सोडला. त्यांना गाठींवर परिणाम बघायचा होता. झोत फारच दुबळा निघाला, गाठींना काही झालं नाही, पण प्रकाश पडला तिथले केस भराभर उगवले. दुबळा प्रकाशही शरीराशी बोलतो, हे त्या केसांनी दाखवलं. अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल फेकून न देणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि मानेचं काय? २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. रुग्ण ८२०, गर्दीच्या वेळच्या लोकलचे दोन डबे. दुखणं मोजायची पट्टी १०० मिलिमीटरची. खोट्या उपचारापेक्षा खऱ्या लेझरने जुनी मानदुखी सरासरी २० मिलिमीटरनी जास्त खाली आली, आणि गुण २२ आठवड्यांपर्यंत टिकला. सगळ्याच दुखण्यांत निकाल इतका स्वच्छ येत नाही, कंबरेच्या बाबतीत तर मतं विभागलेली आहेत. पण मानेवरच्या वीस मिलिमीटरची किंमत सकाळी ठाण्याला दारात लटकलेल्याला विचारा. मान वळवून मागे बघता येणं म्हणजे काय, ते तो सांगेल.

आता शेवटचा हिशेब. धीर धरा, हा सगळ्यात मोठा आहे.

ते चार परार्ध कण लोकलमध्ये बसवू. बारा डब्यांची गाडी, सकाळची आठची गर्दी, दारात लटकलेले धरून पाच हजार प्रवासी. एका सेकंदातले कण न्यायला गाड्या लागतील ८० लाख कोटी. गाडीची लांबी पाव किलोमीटर. सगळ्या एकीमागे एक जोडा. पहिला डबा कल्याणच्या फलाटावर ठेवा आणि गाडी सरळ आकाशात जाऊ द्या. चंद्र गेला. सूर्य पहिल्याच झटक्यात मागे पडला. गुरू, शनी, नेपच्यून, सगळे मागे. गाडी अजून लागतेच आहे. एका सेकंदातल्या कणांची गाडी झाली दोन प्रकाशवर्षांहून लांब. आता दुसऱ्या सेकंदाचे कण बसवा, त्यांचे डबे पुढे जोडा. चार प्रकाशवर्षं आणि वर थोडी. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी आहे सव्वाचार प्रकाशवर्षांवर.

गाडी ताऱ्याला टेकली! एक टोक कल्याणला, दुसरं प्रॉक्सिमावर, मध्ये प्रत्येक डबा दारापर्यंत खच्चून भरलेला, कुठेही एक जागा रिकामी नाही. दोन सेकंद झाले. गृहस्थांचं कपाळ अजून उशीवर आहे, पेन मानेवर आहे, आणि पहिल्याच जागेचे ३८ सेकंद बाकी आहेत.