मुका रुग्ण आणि वैद्याची मर्यादा

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी रुग्णाच्या अंगी जे चार गुण अपेक्षिले आहेत, त्यांत ज्ञापकत्व हा एक आहे. आपणास काय होते आहे हे वैद्यास सांगता येणे, असा त्याचा अर्थ. घरातील श्वान आजारी पडतो तेव्हा नेमका हाच गुण नसतो आणि ती उणीव परिचारकास, म्हणजे घरच्या माणसांस, भरून काढावी लागते.

खारघर येथील माझ्या चिकित्सालयात नेहमी येणारे एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी औषध मागण्यास आले. निदान अस्थीच्या कर्करोगाचे होते. पशुवैद्यांनी व्याधी असाध्य असल्याचे सांगितले होते. "डॉक्टर, निदान दोन घास खाईल असं काहीतरी द्या," एवढीच त्यांची विनंती. अग्निमांद्य म्हटल्यावर माझा हात सवयीने द्राक्षासवाच्या बाटलीकडे गेला. त्या पशुवैद्यांना आधी विचारावे म्हणून दूरध्वनी केला आणि हात तेथेच थांबला.

द्राक्षे व मनुका यांनी श्वानाची वृक्के निकामी होऊ शकतात. कोणत्या श्वानास किती मात्रा बाधेल हे आधी सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली मांडले. ते चिंचेतही असते. आसवारिष्टांत मद्यांश असतो, तोही श्वानास अपायकारक. लसूण व कांदा यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून लशुनादि वटी वर्ज्य. कुचल्याच्या कल्पांविषयी तर बोलावयासच नको. त्यातील स्ट्रिक्नीन एकेकाळी भटकी कुत्री मारण्यासाठी वापरले जात असे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक त्याच्या जठरास व वृक्कांस घातक ठरतात. औषधी विक्रेत्या मित्रांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण ग्राहक पुष्कळदा कुत्र्याचे नावही काढत नाही. केवळ बाटली मागतो. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमान्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे.

मग आपल्या हाती काय उरते? असाध्य व्याधीस हात घातल्यास अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरक बजावतात. वैद्यवृत्तीच्या चार प्रकारांत मरणोन्मुखाविषयी उपेक्षा सांगितली आहे. ही उपेक्षा म्हणजे पाठ फिरवणे, असा अर्थ मला मान्य नाही. रोगाशी झुंजण्याचा हट्ट सोडावा. शुश्रूषा सोडू नये. टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था खारघरमध्येच असल्याने व्याधी न हटताही वेदना हटवता येते, ही गोष्ट येथील पुष्कळ कुटुंबांना समजावून सांगावी लागत नाही.

त्या गृहस्थांना मी औषध दिले नाही. निरीक्षण करावयास सांगितले. स्वस्थ असतानाही धापा टाकणे, रात्री येरझारा, कोपऱ्यात लपणे, एकच जागा चाटत राहणे, ही श्वानाच्या वेदनेची भाषा आहे. ती टिपून पशुवैद्यांना कळवावी, म्हणजे वेदनाशामकाची मात्रा त्यांना ठरवता येते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेथे सतरंज्या अंथराव्यात. उठता येईनासे झाल्यास जाड गादीवर ठेवून दर काही तासांनी कूस बदलावी, अन्यथा शय्याव्रण होतात. मूत्राने भिजलेली त्वचा पुसून कोरडी ठेवावी. अन्न किंचित कोमट केल्यास त्याचा गंध वाढतो आणि कधीकधी तेवढ्याने तोंड लागते. घास नाकारल्यास बळजबरी नको.

निर्णयाची वेळ ओळखण्यासाठी अमेरिकेतील पशुवैद्यक डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मापन दिले. वेदना, भूक, जलप्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत की नाहीत, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तीसहून अधिक असेल तर जीवन सुसह्य समजावे. या गृहस्थांनी रोजची बेरीज दिनदर्शिकेवर मांडली. सलग पाच दिवस ती पस्तीसच्या खाली राहिली, तेव्हा पशुवैद्यांना घरी बोलावून त्यांनी त्यास शांतपणे निरोप दिला.

महिन्याभराने ते स्वतःच्या अम्लपित्तासाठी आले. नाडी पाहत असताना म्हणाले, ती गादी धुऊन सोसायटीच्या पहारेकऱ्याजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीला दिली. तिला जेवणात काय द्यावे, तेवढे सांगा.