गुणांवरील आक्षेप आणि उत्तरपत्रिकेचा पुरावा

परीक्षेचे गुण मान्य नसलेला विद्यार्थी बहुधा ‘पेपर चांगला गेला होता’ एवढ्याच आधारावर आक्षेप घेतो आणि तेथेच त्याची बाजू लंगडी पडते. गुणदानात परीक्षकाचा मूल्यनिर्णय, म्हणजे उत्तर कितपत योग्य आहे याविषयीचे त्याचे मत, आणि त्या मताची कागदावरील नोंद या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत असतात. विद्यापीठांचे नियम असोत वा न्यायालये असोत, त्यांचा कल पहिलीला शक्यतो हात न लावता दुसरी तपासण्याकडे असतो.

नोंदीतील चूक उत्तरपत्रिका डोळ्यांखालून घातल्याशिवाय सापडत नाही. आतल्या पानावर समासात एखाद्या उपप्रश्नाला चार गुण दिलेले असतात, पण मुखपृष्ठावरील तक्त्यात त्याचा रकाना कोराच राहतो. जोडलेली पुरवणी परीक्षकाच्या नजरेतून निसटते, किंवा अखेरच्या पानावर घाईघाईने लिहिलेल्या उत्तरावर लाल शाईची खूणही उमटलेली नसते. महाराष्ट्रातील विद्यापीठांत यावर सामान्यतः गुणपडताळणी, म्हणजे केवळ बेरीज व न तपासलेली उत्तरे पाहणे, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मिळवणे आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे दुसऱ्या परीक्षकाकडून उत्तरे नव्याने तपासून घेणे, असे मार्ग असतात. त्यांचे शुल्क आणि मुदती मात्र विद्यापीठागणिक बदलतात. ‘रिव्हॅल टाकणे’ हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांच्या तोंडी इतका रुळला आहे की प्रत न पाहताच अर्ज भरला जातो, आणि नेमके काय चुकले हे अर्जदारालाच ठाऊक नसते.

प्रत मागण्याचा हक्क पूर्वी गृहीत धरता येत नसे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा उत्तरपत्रिका पाहण्यास आणि पुनर्मूल्यांकनास मनाई करणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरवला होता, परंतु 1984 मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मंडळाची बाजू उचलून धरली. पुढे 2005 चा माहितीचा अधिकार कायदा आला आणि 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असल्याने ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असे सांगितले. परीक्षकाचे नाव मात्र गुप्तच राहील, हेही स्पष्ट केले. अर्थात हा हक्क उत्तरपत्रिका जतन करण्याच्या मुदतीपुरताच असतो, आणि ती मुदत अनेकदा काही महिन्यांचीच असते. पाहण्याच्या हक्कातून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क आपोआप निपजत नाही. रणविजय सिंह प्रकरणात 2017 मध्ये न्यायालयाने म्हटले की नियमात पुनर्मूल्यांकनाची तरतूद नसेल, तर तर्कवितर्क न लढवता चूक ढळढळीत दिसत असेल अशा विरळ प्रसंगीच हस्तक्षेप करावा. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने राबवली गेली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेरीस कुलगुरूंना पद गमवावे लागले. मूल्यनिर्णय बाजूला ठेवला तरी निव्वळ नोंद आणि हाताळणी किती बिघडू शकते, याचा तो धडधडीत दाखला होता.

विद्यापीठाच्या परीक्षेत परीक्षक अनामिक असतो, म्हणून वाद कार्यालयाशी होतो. अंतर्गत गुणांत मात्र शिकवणारा, चाचणी घेणारा, जर्नल तपासणारा आणि पुढच्या सत्रातही समोर उभा राहणारा प्राध्यापक एकच असतो, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार, या विचाराने बहुतेक तक्रारी ओठांतच विरतात. स्वायत्त महाविद्यालयांत गुणदान बव्हंशी महाविद्यालयाच्याच हाती असल्याने ही अडचण अधिक जाणवते. तेथे ‘मॅडम, इतके कमी कसे?’ असे विचारण्याऐवजी ‘दुसऱ्या चाचणीचे गुण बेरजेत आलेले दिसत नाहीत, कृपया नोंद पाहता का?’ असे लेखी व तारखेनिशी विचारणे अधिक फलदायी ठरते, कारण त्यात प्राध्यापकाच्या विद्वत्तेला आव्हान नसते आणि चूक मान्य करणेही त्याला सोपे जाते.

एवढ्यावर भागले नाही, तर विभागप्रमुखांनंतर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार अशी समिती आवश्यक आहे, मूल्यमापनातील अपारदर्शक वा अन्याय्य पद्धती हा तक्रारीचा विषय मानला गेला आहे आणि समितीच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यातून नेमलेल्या तटस्थ व्यक्तीकडे, अपील करता येते. मात्र निकालावर ठोस परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवले नसेल, तर निव्वळ पुनर्मूल्यांकनाचा अर्ज लोकपालही विचारात घेत नाही.