लंगड्या पिलाची शुश्रूषा



आपल्या खेड्यापाड्यांतून परसात दोन-चार कोंबड्या नाहीत असे घर शोधावेच लागेल. अवचित पाहुणा आला, पोरांच्या वह्यापुस्तकांना पैसे कमी पडले, की घरची बाई खुराड्याकडे वळते. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवावीत, एकविसाव्या दिवशी पिले फुटावीत, आणि घार, कावळा, मांजर व मुंगूस यांचा कर चुकता करून त्यांतली पाच-सहा मोठी व्हावीत, हा आपला नेहमीचा हिशेब. त्या हिशेबात एखादे पिलू लंगडे निघाले की दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘टाका मांजरापुढे’. दुसरे म्हणते, ‘हळद लावून घट्ट बांधा.’ दोन्ही मतांत दोष एकच. पायाला नेमके झाले आहे काय, हे पाहण्याआधीच दोघांचाही निकाल लागलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात, एका रविवारी मिस्सा आटोपून मी आवारात आलो, तो नऊ-दहा वर्षांची एक मुलगी ओच्यात काहीतरी धरून उभी. आमचे हे गाव खानापूरकडच्या रानालगतचे. पाऊस धो धो कोसळत होता आणि ती अर्धी भिजलेली. “फादर, ह्याला बघा की. आजी म्हणते, टाकून दे.” ओच्यात तीन आठवड्यांचे पिलू होते. आदल्या सायंकाळी गोठ्यात रेडकाचा पाय त्याच्यावर पडला होता. त्या खेपेच्या अकरा पिलांपैकी चारच उरली होती, आणि हे एक ‘तुझे’ म्हणून आजीनेच नातीला नेमून दिलेले. त्याची पुढे जी अंडी होतील ती तिची, असा करार. तेव्हा पोरीच्या दृष्टीने ते नुसते पिलू नव्हते.

खरे सांगावयाचे तर मला तिच्यासमोर संकोच वाटला. गुरुदीक्षा होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. मिशनच्या खुराड्यात असेच एक पिलू सापडले होते. मी हळद-चुन्याचा लेप देऊन त्याचा पाय दोऱ्याने चांगला आवळून बांधला, आणि केलेल्या सत्कृत्यावर संतुष्ट होऊन तीन दिवस उघडूनसुद्धा पाहिले नाही. चौथ्या दिवशी बोटे काळी व थंडगार झालेली होती. मोडलेले हाड कदाचित सांधले असते. पाय घालवला तो माझ्या दोऱ्याने. सेमिनरीत पुष्कळ शिकलो, पण हे कोणी शिकवले नव्हते.

म्हणून या वेळी आधी पाहिले. पिलू हातात धरण्याचीही एक रीत आहे. पंख अंगाशी राहतील असे त्याला मऊ फडक्यात सैल गुंडाळावे, आणि छातीवर दाब मुळीच देऊ नये. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचा भाता हलला तरच त्याला श्वास मिळतो. मुले प्रेमाने मुठीत आवळतात आणि पिलू मुठीतच मरते, त्याचे कारण हेच.

यानंतर पहिली गोष्ट म्हणजे बोटांच्या बेचक्यात व पायाभोवती दोरा, पोत्याचा धागा किंवा बायकांच्या विंचरलेल्या केसांचे गुंतवळ अडकले आहे काय, हे उजेडात नीट पाहावे. अंगणात लंगडणाऱ्या कित्येक पिलांचा रोग एवढाच असतो. बारीक कात्रीने धागा कापला की पिलू सुटते. उशीर झाला तर तो धागा मांसात रुतून बोट तोडतो. मग चांगला पाय व दुखरा पाय शेजारी धरून दोहोंची तुलना करावी. येथे एक सांगून ठेवतो. मागे वळलेल्या ज्या सांध्याला आपण कोंबडीचा गुडघा समजतो, तो वस्तुतः तिचा घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पाय सरळ आहे, थोडी सूज आहे, बोटांत ऊब आहे आणि बोट हळूच दाबल्यावर पिलू पाय आखडून घेते, तर ती बहुधा मुरगळ समजावी. तिला बांधण्याची गरजच नाही, विश्रांती पुरे.

या पिलाचे हाड मात्र घोट्याखालच्या खवलेदार भागात मोडले होते. कातडी फाटलेली नव्हती, हे त्याचे भाग्य. हाड बाहेर आले असते तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात नेण्यावाचून मार्ग नव्हता. खराट्याच्या हिराचे दोन छोटे तुकडे केले, त्यांची टोके कापसाने झाकली. पायाभोवती कापसाचा पातळ थर दिला, दोन्ही अंगांना काड्या ठेवल्या आणि जुन्या धोतराची बोटभर रुंद चिंधी खालून वर गुंडाळली. बोटे उघडी ठेवली, म्हणजे ती पाहता येतात. चिकटपट्टी लावायची तर चिंधीवर लावावी, कातडीवर नव्हे. पोरीने पिलू धरले, मी बांधले, आणि माझ्या बांधण्यावर माझाच विश्वास नसल्यामुळे तिला काम लावून दिले. सकाळी एकदा आणि सायंकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की एकदा, बोटांना हात लावून पाहायचे.

दुसऱ्याच दिवशी घंटेनंतर ती धावत आली. “फादर, बोटं फुगलीत!” पुन्हा मीच आवळले होते. चिंधी सोडली, पाय तासभर मोकळा ठेवला, आणि या खेपेस चिंधीखाली आगपेटीची काडी सहज सरकेल इतकेच सैल बांधले. सूज रात्रीतून उतरली. ते पिलू वाचले ते माझ्या बांधण्याने नव्हे, तिच्या पाहण्याने. तीन आठवड्यांचे पिलू झपाट्याने वाढते; कालची सैल पट्टी चार दिवसांनी फास होते. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सोडून नव्याने बांधावी लागते. हाड धरण्यास दोन ते तीन आठवडे पुरतात. मांडीचे हाड मोडले असेल तर मात्र घरी काड्या बांधू नयेत. तेथे त्या नीट बसत नाहीत आणि त्यांचेच ओझे होते.

पट्टीइतकेच महत्त्व जागेला आहे. लंगडे पिलू इतरांत ठेवले की ती त्याला टोचतात. रक्ताचा थेंब दिसला तर थांबतच नाहीत. आंब्याच्या पेटीत तूस किंवा चिरलेले गवत पसरून त्याला वेगळे ठेवावे. वर्तमानपत्र घालू नये, त्यावर पाय सरकतो. दाणा व पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवावे. पाण्याची वाटी उथळ असावी आणि तीत दोन खडे टाकावेत, म्हणजे पडले तरी बुडणार नाही. पिलास पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पावसाळ्यात आईच्या पंखांवाचून ती ऊब आपणच द्यावयाची असते. एकटे पिलू ओरडून ओरडून थकते, म्हणून ती पेटी आईच्या डालग्याजवळ ठेवली. दिवसभर ती कोंबडी पेटीभोवती घुटमळत असे.

खाण्याविषयी थोडे. हाड लवकर सांधावे म्हणून अंड्याच्या कवचाचा चुरा ओंजळीने घालू नका. वाढत्या पिलाच्या मूत्रपिंडांना तो बाधतो. नुसत्या कण्यांवरही ठेवू नका. भाताचा कोंडा, कोवळा पाला व थोडे ताक द्यावे. आणि घरातल्या अंगदुखीच्या गोळीचा तुकडा तर कधीच देऊ नये. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्या देशातील गिधाडांचे थवेच्या थवे नाहीसे झाले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. माणसाला जे सोसते ते पाखराला सोसतेच असे नाही. पिलाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, हेही मातांनी पाहावे.

प्रत्येक लंगडेपण मार लागल्याचेच नसते. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू दोन्ही पाय फाकून पडत असेल, तर ते गुळगुळीत जमिनीमुळे असू शकते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पायांना मऊ लोकरीचा इंचभर अंतराचा सैल बंध घालून खरबरीत जागी ठेवल्यास ते पुष्कळदा चार-पाच दिवसांत उभे राहते. पायाची बोटे मुठीसारखी आत वळून पिलू घोट्यांवर चालू लागले, तर आहारात ‘ब’ गटातील एका जीवनसत्त्वाची उणीव समजावी. ताक, पाला व यीस्ट यांचा तेथे उपयोग होतो. परंतु दीड-दोन महिन्यांपुढच्या तलंगेचा एक पाय पुढे व एक मागे असा लुळा पडला, तर तो बहुधा मारेकचा रोग असतो. त्याला औषध नाही. आणि मान पिळवटणे, हिरवट हगवण, धाप यांसह पाय गेले असतील, तर राणीखेत समजून पाखरू ताबडतोब वेगळे करावे व दवाखान्यात कळवावे. येथे पट्टी बांधत बसणे म्हणजे शेजाऱ्यांची खुराडी रिकामी करणे होय. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब टाकून देतात. ती देण्याचा आळस आपल्याकडे फार, आणि मग दैवाला बोल लावायचा!

काही पिले वाचत नाहीत. दाणा सोडला, पाय थंड पडून वास येऊ लागला, तर त्याचे हाल लांबवू नयेत. जाणत्या माणसाने ते एका झटक्यात संपवावे. कोंबडी रांधून खाण्यात पाप नाही. तिला तडफडत ठेवून आपण चुलीपुढे निवांत बसावे, हे मात्र ख्रिस्ती घराला शोभत नाही. मांजरापुढे टाकणे ही सुटका नव्हे, हे मी त्या आजीलाही सांगितले. “आम्हांला कुठं वेळ असतो, फादर?” ती म्हणाली. तिचेही खोटे नव्हते. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती राबते.

एकविसाव्या दिवशी पट्टी कायमची सोडली. हाड धरले होते, पण पाऊल किंचित बाहेर वळलेले राहिले, आणि चालताना एक हेलकावा कायम राहिला. सांजेला सगळी खुराड्यात शिरली तरी हे एक मागून येई, आणि पोर दार धरून उभी असे. नाताळला आजीने रश्श्यासाठी कोंबडा निवडला तो दुसरा. लंगड्या तलंगेकडे तिने पाहिलेही नाही, असे पोरीने मला मुद्दाम येऊन सांगितले. फेब्रुवारीत एके दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा आली. हातात एक लहानसे अंडे होते, कबुतराच्या अंड्याहून थोडे मोठे. मी हात पुढे केला. तिने ते मला दाखवले, आणि पुन्हा ओच्यात घालून घरी नेले.