वॉशिंग मशीनमध्ये पाणी गरम न होणे

समोरून दार असलेल्या बहुतेक मशीनमध्ये पाणी तापवणारा हीटर ड्रमच्या खाली, बाहेरच्या टबमध्ये बसवलेला असतो. वरून कपडे टाकण्याच्या अनेक मशीनमध्ये तो नसतोच. म्हणून मॉडेलला हीटर आहे का, हे आधी पाहावे. निवडलेला प्रोग्राम थंड पाण्याचा नाही ना, हेही तपासावे. साठ अंशांचा प्रोग्राम लावून अर्ध्या तासाने दाराची काच हाताला गारच लागली, तर दोष असण्याची शक्यता मोठी.

पहिला संशय हीटरवरच घ्यावा. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षारांचा थर चढतो, उष्णता आत कोंडते आणि शेवटी आतली तार तुटते. मल्टिमीटरने ही तपासणी सोपी आहे. प्लग काढून, हीटरच्या वायरी सोडवून रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर तार तुटलेली आहे. हीटर सुरू होताच घरातला ईएलसीबी पडत असेल, तर वीज बॉडीत उतरत असावी. अशी मशीन मुळीच वापरू नये.

हीटर ठीक असेल, तर तापमान मोजणारा सेन्सर पाहावा. पाणी तापेल तसा त्याचा रोध कमी व्हायला हवा. पाण्याची पातळी ओळखणारा स्विच बिघडला, तरी मशीन हीटरला वीज देत नाही. कंट्रोल बोर्डवरचा रिले मात्र चालू विजेवर तपासावा लागतो. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.