टोक्योचं वार्तापत्र : गाडी येते, पण थांबता येतं का?

जपानमध्ये वाहनं डाव्या बाजूनेच चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे भारतातून नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, इथे गाडी चालवण्यात वेगळं शिकण्यासारखं काय असणार? पहिलं वर्ष तसं निभतंही. १९४९ च्या जिनिव्हा करारात दोन्ही देश सामील आहेत, म्हणून आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो. मात्र जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष, आणि परवान्याची मुदत त्याआधी संपली तर तेवढंच. सुट्टीत घरी जाऊन नवा परवाना आणायचा, ही वाटही बंद आहे. इथल्या रहिवाशाने सलग तीन महिने देशाबाहेर काढले नसतील, तर त्याला नवं वर्ष मोजून मिळत नाही. लायसन्सशिवाय गाडी चालवताना सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे भारतीय लायसन्सवरून जपानी लायसन्स करून घेणं आलं. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, कोरिया, तैवान इथली लायसन्स असणाऱ्यांना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या माफ आहेत. आपल्याला नाहीत. हे प्रथम कळलं तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. आपल्याकडे एजंटला पैसे देऊन लायसन्स कसं काढतात, हे घरोघरी ठाऊक आहे. ते दुसऱ्या देशाने डोळे झाकून मान्य करावं, असा हट्ट आपण कोणत्या तोंडाने धरायचा?

कागदपत्रं तशी सरळ आहेत. वॉर्ड ऑफिसमधला रहिवासाचा दाखला, पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, फोटो आणि लायसन्सचं जपानी भाषांतर. हे भाषांतर जपान ऑटोमोबाईल फेडरेशनकडून करून मिळतं. अडतं ते एका अटीपाशी. लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही भारतात निदान तीन महिने राहिला होतात, हे सिद्ध करावं लागतं. पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के. जुना पासपोर्ट घरी कपाटात राहिला असेल, किंवा नूतनीकरणात लायसन्सवर नवी तारीख पडली असेल, तर खिडकीवरचा माणूस अत्यंत नम्रपणे तुमची फाइल परत करतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण त्याच्या हातात सवलत देण्याचा अधिकारच नसतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून हे सगळं आणखी कडक झालं. तोपर्यंत पर्यटकाला हॉटेलचा पत्ता देऊनही लायसन्स बदलून घेता येत असे. लेखी चाचणीत दहा प्रश्न असत आणि सात बरोबर आले की पुरे. परदेशी चालकांच्या काही अपघातांवरून बरीच ओरड झाली आणि पोलीस खात्याने नियम बदलले. आता रहिवास असल्याशिवाय अर्ज करता येत नाही. प्रश्न पन्नास आहेत आणि पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. चाचणी इंग्रजीतही देता येते. वाहतुकीचे नियम बसून वाचले तर ती अवघड नाही.

खरी कसोटी लागते मैदानात. टोक्योत त्यासाठी सामेझु किंवा फुचूच्या केंद्रात जावं लागतं. आतल्या आवारातच छोटे रस्ते, सिग्नल, रेल्वे फाटक, इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आणि काटकोनी अरुंद गल्ली उभारलेली असते. गाडीत बसण्याआधी पुढे-मागे वाकून पाहायचं. डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला इतकी जवळ घ्यायची की मधून सायकलवाला घुसू शकणार नाही, आणि तरीही मान वळवून खांद्यामागे पाहायचं. नुसती नजर आरशाकडे गेली तर ती परीक्षकाला दिसत नाही. मान हललीच पाहिजे. लाल उलट्या त्रिकोणाच्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. गाडी हळू करून पुढे नेली की चाचणी तिथेच संपते. शंभरपैकी सत्तर गुण लागतात. वीस-वीस वर्षं पुण्या-मुंबईच्या गर्दीत गाडी हाकलेले लोक इथे नापास होतात, आणि बहुतेक वेळा नापास होतात ते न थांबल्यामुळे किंवा न पाहिल्यामुळे.

हा काटेकोरपणा कुठून आला, ते १९७० सालच्या आकड्यावरून कळतं. त्या वर्षी जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. वर्तमानपत्रं त्या काळाला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. मग पादचाऱ्यांसाठी फुटपाथ आणि सिग्नल आले, कायदे आले, शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणं आलं, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा आली. २०२२ साली मृत्यू २,६१० होते. ही मोजणी अपघातानंतर चोवीस तासांत दगावलेल्यांची आहे, हे लक्षात घ्यायला हवं. त्याच वर्षी भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. आपली लोकसंख्या जपानच्या साधारण अकरा पट आहे. मृत्यू साठ पटींहून जास्त. मोजणीतला फरक आणि लोकसंख्या धरूनही यातलं अंतर मला अस्वस्थ करतं.

तरी एक तक्रार राहतेच. चाचणीच्या तारखेसाठी थांबावं लागतं, आणि नापास झालात की पुन्हा रांग. टोक्योत लोकल आहे, त्यामुळे चालून जातं. लहान गावातल्या कारखान्यात किंवा वृद्धाश्रमात नोकरीला आलेल्या मुलामुलींना बस दिवसातून मोजक्याच वेळा मिळते. त्यांच्यासाठी लायसन्स म्हणजे पोटाचा प्रश्न आहे. नियम सैल न करता चाचण्यांची संख्या वाढवणं सरकारला नक्कीच जमण्यासारखं आहे, आणि ते व्हायला हवं.

पुण्यात जपानी शिकून इकडे यायच्या तयारीत असलेल्यांना माझं सांगणं आहे : निघण्याआधी ‘सारथी’ पोर्टलवरून लायसन्सचा उतारा काढा, म्हणजे मूळ तारीख हातात राहील. सगळे जुने पासपोर्ट सोबत आणा. आंतरराष्ट्रीय परवाना अगदी निघायच्या आठवड्यात काढा, कारण त्याचं वर्ष काढल्या दिवसापासून सुरू होतं. आणि इथे पत्ता नोंदवला की लगेच अर्जाच्या मागे लागा; वर्ष संपत आल्यावर धावपळ केली तर चाचणीची तारीख मुदतीच्या पलीकडची मिळते.