जागतिक बँकेला जाब विचारायचा तर कुठे?



आपल्या बचत गटात दर महिन्याला हिशेब वाचला जातो. जमा किती, कर्ज कोणाला, हप्ता कोणाचा थकला, सगळं सगळ्यांसमोर. अध्यक्ष असो की साधी सभासद, "हे कसं काय?" असं विचारायचा हक्क दोघींना सारखाच. आज अशा एका संस्थेबद्दल बोलू, जिचा पैसा आपल्या गावापर्यंत येतो, पण हिशेबाच्या बैठकीला आपण नसतो. ती म्हणजे जागतिक बँक.

नाव लांबचं वाटतं ना? पण गावोगावी पाणीपुरवठ्याची कामं करणारा जलस्वराज्य प्रकल्प किंवा शेतीचा 'पोकरा' प्रकल्प, या दोन्हींना याच बँकेचं कर्ज होतं. कर्ज सरकार घेतं आणि सरकारच फेडतं. म्हणजे ते शेवटी तुमच्या-माझ्या करातून जातं.

आता तिथला कारभार बघा. बँकेचे सभासद आहेत 189 देश. सहकारी सोसायटीत शेअर कितीही असोत, मत एकच. इथे ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. एकट्या अमेरिकेकडे साधारण 16 टक्के मतं, तर आपल्या एवढ्या मोठ्या देशाकडे 3 टक्क्यांच्या आसपास. बँकेवर आजवर नेमलेला प्रत्येक अध्यक्ष अमेरिकेचाच नागरिक. संचालक 25. भारताचा संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांच्याही वतीने बसतो, आणि त्याला सरकार पाठवतं. प्रकल्पात जिचं घर जातं, त्या बाईला तिथे खुर्ची नाही.

मग तिने विचारायचं कोणाला? 1993 पर्यंत याला उत्तरच नव्हतं. ते मिळालं, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या आदिवासी गावांचाही वाटा आहे.

सरदार सरोवर धरणासाठी 1985 साली बँकेने 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं येणार होती. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेली त्यातलंच. मध्य प्रदेश आणि गुजरातमधली गावंही होती. पुनर्वसन कुठे, जमीन कोणती, हे विचारत नर्मदाकाठची माणसं उभी राहिली, त्यात बायाही पुढे होत्या. अखेर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. 1992 च्या अहवालात समितीने सांगितलं की पुनर्वसन नीट होत नाही, पर्यावरणाचा विचारही पुरेसा झालेला नाही. बँकेने मागे सरावं. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेच्या संचालकांनी तक्रारी तपासण्यासाठी तीन सदस्यांचं 'निरीक्षण मंडळ' स्थापन केलं.

या मंडळाकडे कोण जाऊ शकतं? बँकेच्या पैशातल्या प्रकल्पामुळे ज्यांचं नुकसान झालं किंवा होणार आहे, अशी निदान दोन माणसं. वकील लागत नाही, फी नाही. तक्रार आपल्या भाषेत लिहिता येते. नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. मात्र त्याआधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणं मांडलेलं असावं लागतं.

याचा उपयोग होतो का? मुंबईचं उदाहरण घ्या. शहरातल्या रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पात हटवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी 2004 मध्ये मंडळाकडे तक्रार केली. लोकांशी नीट सल्लामसलत झाली नाही आणि त्यांच्या रोजीरोटीचा पुरेसा विचार झाला नाही, असं मंडळाला आढळलं. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामाचे पैसे थांबवले. सुधारणा सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ते पुन्हा दिले.

पण हेही ओळखून असावं, की मंडळ फक्त बँकेने स्वतःचे नियम पाळले का ते तपासतं. काम थांबवायचा किंवा भरपाई द्यायला लावायचा अधिकार त्याला नाही. निर्णय पुन्हा त्याच संचालकांचा. सरदार सरोवरातून बँक बाहेर पडली, तरी धरण पूर्ण झालंच. म्हणून गरीब देशांची मतं वाढवा, अध्यक्ष कोणत्याही देशातून निवडा आणि तक्रारदाराला खरी भरपाई द्या, अशा मागण्या जगभरातून होत असतात.

त्या मागण्या वॉशिंग्टनला पोचायच्या तेव्हा पोचतील. आपल्या हातातलं काम गावातच आहे. नवा प्रकल्प आला, की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाचा? कोणाची जमीन, घर किंवा पाणी जाणार? आणि तक्रार कुठे करायची? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. सर्वेक्षणाला माणसं येतील तेव्हा घरातल्या पुरुषासोबत बाईचंही नाव यादीत लागलं का ते बघा. पुढे कधी मोठ्या दारात जायची वेळ आली, तर हेच कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतील.

पुढच्या गटबैठकीत या तीन प्रश्नांवर दहा मिनिटं बोला.